न टोचलेली सुई

गेल्या वर्षीच्या या अंकात आमच्या रुग्णालयाच्या जुन्या दिवसांवर एक लेख आला होता. त्यात माझ्याबद्दल दोन वाक्यं होती. पहिलं असं की, मेंदूची तपासणी सुई न टोचता करण्याची पद्धत आमच्याकडे रुजवण्यात तंत्रज्ञ परब यांचा मोठा वाटा होता. ते खरं आहे. दुसरं असं की, त्यांच्या हातून एकाही रुग्णाला कधी त्रास झाला नाही. ते खरं नाही. मी संपादकांना फोन केला, तर ते म्हणाले, "परबसाहेब, कौतुकाची दुरुस्ती मागणारे तुम्ही पहिलेच. मी काय छापू? तुम्हीच लिहा ना." म्हणून लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकात मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका रुग्णालयाच्या अणुवैद्यक विभागात होतो. विभाग म्हणजे तळघरातल्या तीन खोल्या. किरणोत्सारी औषधं ट्रॉम्बेहून शिशाच्या डबीत येत. आम्ही ती रुग्णाला देत असू आणि मग ती शरीरात कुठे जातात, किती वेळ थांबतात, ते यंत्राने बाहेरून बघत असू. एक्स-रे शरीराचा आकार दाखवतो. आमचं यंत्र शरीराचं काम दाखवायचं. एवढं साधं हे शास्त्र, पण नावात 'अणु' असल्यामुळे कोणी नीट ऐकून घेत नसे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ॲटमचं काम म्हणता, तर पुढे मुलंबाळं वगैरे... होतात ना?" मला दोन मुली आहेत. सासरे गेले तोवर त्यांची खात्री पटली होती.

आता मेंदूबद्दल. आकाराने एवढासा, पण खाण्यात सगळ्यांच्या पुढे. आणि घरात साठवण म्हणून काही नाही. साखर आणि प्राणवायू रक्तातून सतत यायला हवा. मेंदू किती खातो हे कळलं, तर तो किती काम करतो याचा अंदाज येतो. पण मोजायचं कसं? आमच्या विभागप्रमुख डॉ. प्रधान मॅडम शिकाऊ डॉक्टरांना दुधाच्या बाटल्यांचं उदाहरण द्यायच्या. एखाद्या घरात दूध किती लागतं हे बघायचं तर दारात किती भरलेल्या बाटल्या आल्या आणि किती न उघडता परत गेल्या, ते बघा. म्हणजे मेंदूत जाणारं रक्त तपासा, मेंदूतून परत येणारं रक्त तपासा, आणि वजाबाकी करा.

उदाहरण सोपं, काम वाईट. जाणारं रक्त मिळवायला मनगटाच्या धमनीत सुई. परतणारं रक्त मिळवायला कानाच्या खाली, मानेत खोल सुई. धमनीतली सुई नेहमीच्या सुईसारखी नसते, तिची कळ खांद्यापर्यंत जाते. आणि मानेतल्या सुईच्या वेळी डोकं जराही हलता कामा नये. ते डोकं धरून ठेवायचं काम माझं होतं. मुलुंडच्या एक प्राथमिक शिक्षिका होत्या. तपासणीनंतर त्यांची मान सुजून जांभळी झाली. आठवड्याने पुन्हा दाखवायला आल्या तेव्हा गळ्याला रुमाल होता. म्हणाल्या, "वर्गात पोरांना सांगितलं, मांजराने ओरबाडलं. त्यांनी विचारलं, बाई, केवढं मोठं मांजर होतं?" त्या हसल्या, मीही हसलो. पण त्या दिवशी घरी जेवताना माझे हात मला माझे वाटेनात.

म्हणून मॅडमनी नव्या पद्धतीची गोष्ट काढली तेव्हा मी ती जवळजवळ देवाचं काम म्हणून अंगावर घेतली.

नवी पद्धत अशी. दुधाच्या बाटल्या मोजायच्याच नाहीत. दूधवाला किती लगबगीने येतो एवढंच बघायचं. जिथे खाणं जास्त, तिथे रक्ताची ये-जा जास्त. मेंदूतली ही ये-जा मोजली की खाण्याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी रुग्णाच्या तोंडावर मुखवटा लावायचा आणि त्याला झेनॉन नावाचा सौम्य किरणोत्सारी वायू थोडा वेळ हुंगायला द्यायचा. वायू फुप्फुसातून रक्तात, रक्तातून डोक्यात जातो. मग वायू बंद करून साधी हवा द्यायची. डोक्याभोवती टोपीसारखी बसवलेली मोजणीयंत्रं वायू डोक्यातून किती वेगाने निघून जातो ते टिपतात. लवकर रिकामं झालं, तर रक्त जोरात वाहतं आहे. सावकाश झालं, तर मंद. पाणी भरलेली भोकाची बादली किती वेळात रिकामी होते त्यावरून भोक केवढं आहे ते ओळखावं, तसं.

यात एक मेख होती. बादली कशी रिकामी होते हे बघताना वरचा नळ पूर्ण बंद आहे की गळतो आहे, हेही माहीत हवं. म्हणजे डोक्याकडे जाणाऱ्या रक्तात अजून वायू शिल्लक आहे का, ते कळायला हवं. पूर्वी त्यासाठी मनगटात सुई घालत. नव्या पद्धतीत तीही नको होती. माणूस श्वास सोडतो त्यातला अगदी शेवटचा भाग फुप्फुसाच्या तळातून येतो, आणि धमनीतल्या रक्तात जेवढा वायू असतो तेवढाच त्यातही असतो. मुखवट्याला लावलेली एक बारीक नळी तो शेवटचा श्वास तपासायची. झालं काम. एकही सुई नाही.

अट एकच. फुप्फुसं निरोगी हवीत. ती नसतील तर वायू त्यांच्या कानाकोपऱ्यांत अडकून राहतो, रक्तात झिरपत राहतो, आणि सोडलेल्या श्वासात मात्र दिसत नाही. नळ गळत असतो, पण यंत्राला तो बंद वाटतो. मग डोकं सावकाश रिकामं होताना दिसतं आणि यंत्र सांगतं, मेंदूचं रक्त मंदावलंय. अशा रुग्णाला मनगटातली सुई टोचायचीच, असा मॅडमचा नियम होता. फुप्फुसांची चौकशी करणं माझं काम होतं.

आधी आम्ही आमच्यावरच करून पाहिलं. माझा आलेख बघून मॅडम म्हणाल्या, "परब, तुमच्या डोक्यात रक्त भरपूर आहे. आता वापरा." निरोगी माणसांचे आकडे हवेत म्हणून पवईहून इंजिनिअरिंगची पोरं यायची, चहा आणि वडापावच्या बोलीवर. निवांत पडून राहा म्हटलं तरी त्यांतलं एखादं मुखवट्याआड मनातल्या मनात गणितं सोडवायचं आणि आलेख उसळी घ्यायचा. घाटकोपरचे एक शेठ मुद्दाम भेटायला आले होते. दोन मुलांपैकी दुकान कोणाच्या हाती द्यावं ते या मशीनवर कळेल का, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "शेठ, आधी तुमचं बघू." ते परत आले नाहीत.

हळूहळू नाव झालं. बोरिवली-अंधेरीकडूनही रुग्ण येऊ लागले. सुई नाही, या एका गोष्टीवर येत. मीही ती गोष्ट जरा मिरवूनच सांगायचो.

सखाराम घाडी आले ते त्याच काळात. पन्नाशी नुकतीच ओलांडलेला माणूस, अंगाने बारीक, दाढी वाढलेली. गिरणी बंद पडल्यावर घाटकोपरला एका इमारतीत पहारेकरी म्हणून लागले होते. पण गेले काही महिने ते बोलेनासे झाले होते. विचारलेलं विसरत. इमारतीचं फाटक उघडं टाकून बसून राहत. बरोबर बायको आणि मुलगा दिलीप. दिलीप साकीनाक्याला लेथ मशीनवर कामाला होता, अर्धा दिवस रजा टाकून आला होता. प्रश्न सरळ होता. हा माणूस खचलाय की याचा मेंदूच झिजतोय? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. खचलेल्या माणसाला औषधाने, बोलण्याने, वेळेने उभं करता येतं. मेंदू झिजत असेल तर त्या काळी हातात काही नव्हतं. घरच्यांनी पुढे काय करायचं, ते आमच्या आलेखावर ठरणार होतं.

घाडीवहिनी मालवणकडच्या, मीही तिकडचाच. आडनाव ऐकून त्यांना धीर आला.

"परबानू, तुमी आपलेच. ह्यांका सुयो नको हां टोचू," त्या म्हणाल्या. "आदीच माणूस अर्दो झालोहा."

"एकही सुई नाही, वहिनी. माझा शब्द."

मग मी घाडींना नेहमीचे प्रश्न विचारले. दमा आहे का? नाही. टीबी झाला होता का? नाही. खोकला? त्यांनी उत्तर द्यायच्या आधी वहिनीच म्हणाल्या, "तसो काय नाय." तेव्हाच्या चाळींत खोकणाऱ्या माणसाला लोक टीबीवाला समजत आणि त्याच्या घरचं पाणी पीत नसत. त्यामुळे खोकला हा शब्द घरातल्या बायका तोंडातून काढत नसत. मला हे माहीत होतं.

मुखवटा लावायला गेलो तर घाडींच्या गालात काहीतरी होतं. म्हटलं, "काका, तोंडातलं काढा." त्यांनी रुमालात काढलं. गुळाचा खडा होता.

"कुठल्या खात्यात होता?" मी विचारलं.

"कार्डिंगला," ते म्हणाले. 'नाही' सोडून त्या दिवशी त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द असावा.

ज्यांचं घर गिरणीवर चाललं त्यांना पुढचं सांगायला नको. कार्डिंग खात्यात कापूस पिंजला जातो आणि हवेत तंतू उडत राहतात. माझे वडील त्याच्या शेजारच्या, कापसाच्या गासड्या फोडायच्या ब्लोरूम खात्यात होते. घशात कापूस बसू नये म्हणून सगळे गूळ चघळत. सुट्टीनंतर सोमवारी पुन्हा कामावर गेलं की छाती आवळायची. वडील म्हणायचे, सोमवार छातीवर बसतो. त्यांना ना दमा होता ना टीबी. पण निवृत्तीनंतर ते गॅलरीच्या कठड्याला दोन्ही हात टेकून श्वास घ्यायचे, तो आवाज मला अजून ऐकू येतो. कार्डिंगमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाची फुप्फुसं कशी असतात हे त्या तळघरात एकट्या मला कळत होतं. मॅडम दादरच्या डॉक्टरांच्या घरातल्या. गूळ बघून त्यांना काहीही कळलं नसतं.

मी काय करायला हवं होतं? बाहेर जाऊन सांगायचं, "मॅडम, यांना मनगटात सुई लागेल." एवढंच.

मी सांगितलं नाही. वायूची बाटली उघडून झाली होती, ती परत भरता येत नव्हती. वहिनींना शब्द दिला होता, आणि त्या दाराच्या काचेतून बघत होत्या. ही कारणं खरी आहेत. पण इतक्या वर्षांनी ती बाजूला सारली तर खाली आणखी एक सापडतं. ती सुई मला नकोच होती. सुईविना काम होतं यावर माझा इतका विश्वास बसला होता की जिथे ते होत नाही ती जागा मला बघायची नव्हती. त्या शिक्षिकेच्या मानेवरून सुरू झालेली दया कधी हट्ट झाली, मला कळलं नाही.

मी मुखवटा बसवला. "काका, सावकाश श्वास घ्या."

आलेख आला. डोकं फार सावकाश रिकामं होत होतं.

मॅडमनी कागद उजेडाकडे धरला आणि बराच वेळ बघितला. मग विचारलं, "परब, फुप्फुसं ठीक आहेत ना यांची?"

मी म्हणालो, "दमा नाही, टीबी नाही, मॅडम."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी आयुष्यात फार खोटं बोललेलो नाही, पण त्या वाक्याइतकं खोटं मी दुसरं काही बोललो नाही.

मॅडमनी दिलीपला आत बोलावून शांतपणे सांगितलं. मेंदूचं काम मंदावलंय, ते आणखी मंदावत जाईल, बाबांना सांभाळून घ्या, व्यवहार त्यांच्यावर सोपवू नका. चांगल्या डॉक्टरने जसं सांगावं तसंच सांगितलं. दोष त्यांचा नव्हता. यंत्राचा तर नव्हताच. दिलीपने एकच विचारलं, "मग ती डिप्रेशनची औषधं?" मॅडम म्हणाल्या, "उपयोग होईल असं वाटत नाही." मी मुखवटा धूत होतो. धुऊन झाला होता तरी धूत होतो.

घाडींच्या डोक्यात तेव्हा खरोखर काय चाललं होतं, हे मी आजही सांगू शकत नाही. कदाचित रक्त मंद असेलही. मला माहीत नाही. पण माहीत नसताना ते कुटुंब माहीत आहे असं समजून घरी गेलं, आणि मी त्यांना जाऊ दिलं.

दोनेक वर्षं गेली. मॅडम परदेशी गेल्या. वायूचा खर्च परवडेना, तपासणी बंद पडली, टोपीवर कापड पडलं. एक दिवस दुपारी विभागाच्या दारात एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस उभा राहिला.

"परबानू, वळाखलास?"

मी ओळखलं नाही. त्यांनी नाव सांगितलं तेव्हा मी उठून उभा राहिलो. बायकोचे गुडघे दाखवायला वर आलो होतो, तिला रांगेत बसवून खाली उतरलो, म्हणाले. गावी वर्षभर काढलं होतं. कुणी काही औषध दिलं नाही, पण आंब्याच्या बागेत भावाबरोबर राबता राबता एका सकाळी त्यांना भूक लागली. "खरी भूक," ते म्हणाले. मग हळूहळू सगळं परत आलं.

"झकास झालं की, काका."

"खंयचा झकास? माका बरा वाटता, पण घरात कोण मानता?" ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "लेकीच्या सोयरिकीक माका मागच्या खोलयेत बसयल्यांनी. खोली झिलाच्या नावार केली. भाजीक जातंय म्हटलंय तर बायल म्हणता, रस्तो चुकशात. मी सांगतंय, अरे बाबांनो, बरो असंय मी. तर झील म्हणता, बाबा, मशीनीत दिसलंय ना." मग ते जरा पुढे झुकले. "म्हणान तुमच्याकडे इलंय. एकदा परत बघा. नायतर तुमीच त्येका सांगा, मशीन चुकली म्हणान. तुमचा तो आयकतलो."

बोलताना त्यांचा श्वास मध्येच तुटत होता. छातीतून बारीक शीळ येत होती. ती ऐकूनच मला सांगता आलं असतं. काका, चूक मशीनची नाही, माझी.

वर ऑर्थोपेडिकच्या रांगेत त्यांची बायको बसलेली होती. मुलगा साकीनाक्याला होता. माझी नोकरी पक्की होती, मॅडम सात समुद्रांपलीकडे होत्या. कोणीही माझं काही वाकडं करणार नव्हतं.

मी म्हणालो, "काका, मशीन उगाच काही सांगत नाही. तुम्ही बरे आहात ना आता? मग झालं तर. मुलगा काळजीपोटीच म्हणतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग, ओळखीच्या माणसाने लाजेची गोष्ट केली की आपणच नजर काढून घेतो तसं, त्यांनी दुसरीकडे पाहिलं. "होय, होय," म्हणाले, आणि जिना चढून गेले. मध्यावर थांबून त्यांनी कठड्याला हात टेकले.

पहिली चूक मी एखाद वेळेस स्वतःला माफ करेन. ही दुसरी नाही.

पुढे मी बरीच वर्षं नोकरी केली, बढती घेतली, नव्या पोरांना शिकवलं. कामाला कुठल्या खात्यात होता, हा प्रश्न मी माझ्या चौकशीत कायमचा घातला. पोरांना वाटायचं, परबसाहेबांना गप्पांची हौस आहे.

त्या लेखातली दोन वाक्यं वाचली आणि गेल्या हिवाळ्यात मी घाटकोपरला गेलो. घाडी राहायचे ती टेकडीवरची वस्ती गेली, तिथे आता उंच इमारत आहे, पण जुनी माणसं त्याच इमारतीत आहेत. दिलीप सापडला. आता त्याचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे आणि केस पांढरे झालेत. घाडी जाऊन फार वर्षं झाली होती. छातीनेच गेले. वहिनी मात्र होत्या, आतल्या खोलीच्या दारापाशी खुर्चीत, कानाला यंत्र लावून. मी सगळं सांगितलं. गूळ, कार्डिंग, सुई, मॅडमनी विचारलेला प्रश्न, आणि घाडी एकटे जिना उतरून आले होते ती दुपार.

दिलीप रागावेल असं मला वाटलं होतं. तो रागावला नाही.

"तुमच्याकडे येऊन गेल्याचं ते घरी कधी बोलले नाहीत," तो म्हणाला. "म्हणजे बाबा जे सांगत होते, ते खरं होतं?"

"हो. निदान त्या दिवशी माझ्यासमोर बसलेला माणूस पूर्ण शहाणा होता."

"आणि आम्ही त्यांना... शेवटपर्यंत, परबकाका."

वहिनींना कितपत ऐकू गेलं, मला कळलं नव्हतं. त्या आम्हा दोघांकडेही बघत नव्हत्या.

"मी त्येंका घास भरवायचंय," त्या म्हणाल्या. "पयल्यान म्हणायचे, भरव नको गो, माका हात असत. रोज म्हणायचे. मगे एक दिवस म्हणायचे बंद झाले. तोंड उघडून गप खावक लागले." त्यांनी पदर सारखा केला. "माका वाटला, दुखणा वाढला."